निळ्या काठाचा कप

रविवारी अकरा वाजता नर्सबाई रिपोर्ट घेऊन यायच्या होत्या. पण थोरल्याला कुठला दम निघायला! त्यानं शनिवारी दुपारीच घरच्या बाइंडिंगच्या कारखान्याच्या माळ्यावर चढून मापाची टेप लावली. आत्या खाली शिलाईच्या टेबलाशी बसून एका जाडजूड प्रबंधाचे फर्मे शिवत होती. वरून टेपचा खर्रकन आवाज आला तशी तिनं मान वर केली.

"काय रे, काय मोजतोयस?"

"काही नाही गं. कागदाचे गठ्ठे हलवावेत म्हणतो."

"सहा फूट तीन इंच," आत्या म्हणाली. "माझा पलंग. उगाच वर-खाली करू नकोस."

थोरला जिन्यात थबकला. लहानपणी तिनं त्याला फारसं मांडीवर घेतलं नव्हतं, पण कापणी, चिकटवणी, शिवण हे सगळं तिनंच शिकवलं होतं, आणि बेचाळिसाव्या वर्षीसुद्धा तिच्यापुढे खोटं बोलताना त्याचे कान लाल व्हायचे. "आत्या, तू पण ना," एवढं म्हणून त्यानं टेप खिशात घातली आणि गल्ली ओलांडून समोर घरी निघून गेला. तसं काही नाही, असं मात्र तो म्हणाला नाही.

आता हे सगळं उभं राहिलं होतं ते एका शब्दावरून. तीन आठवड्यांपूर्वी वहिनींचा, म्हणजे थोरल्याच्या आईचा, मोतीबिंदू काढायचं ठरलं. ऑपरेशनच्या आधी रक्त तपासलं, त्यात हिपॅटायटिस बी निघाला. डॉक्टर नवखा होता, पोरगेलासा. त्यानं ते नाव दोनदा सांगितलं, वहिनींनी दोनदा "काय?" विचारलं. मग सोपं करावं म्हणून तो म्हणाला, "कावीळ हो आजी, कावीळ. एका प्रकारची. जंतू यकृतात मुक्काम ठोकून बसलाय, तुम्हाला आजवर कळलं नाही इतकंच. घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासून घ्या, ज्यांना लस लागेल त्यांना देऊ." झालं. त्यातलं 'एका प्रकारची' हे दवाखान्याच्या पायरीवरच राहून गेलं आणि घरी आली ती नुसती कावीळ. आणि या घरात कावीळ हा शब्द चाळीस वर्षं एकाच माणसाच्या नावावर होता.

आत्याला एकविसाव्या वर्षी कावीळ झाली होती. महिनाभर ती पिवळी होती, मग बरी झाली. पण त्या महिन्यात तिच्या भावानं, म्हणजे वहिनींच्या नवऱ्यानं, तिच्यासाठी बाजारातून वेगळा कप आणला, पांढरा, निळ्या काठाचा. म्हणजे चुकून दुसऱ्या कुणी उचलू नये. आत्या बरी झाली, कप तसाच राहिला. पुढे निळ्या काठाचं ताट आलं, टॉवेलला निळी पट्टी आली, कारखान्यात तिच्या सुईच्या डबीला आणि टोच्याला निळा दोरा गुंडाळला गेला. बाकी सगळे एकमेकांची सुई, एकमेकांचा टोच्या बिनदिक्कत उचलायचे. निळ्या दोऱ्याला कुणी हात लावत नसे. कप चार वेळा फुटला आणि चारही वेळा निळ्या काठाचाच आणला गेला. दुकानदार नुसतं तोंड बघून कप काढून द्यायचा.

तिचं ठरलेलं लग्न त्याच साली मोडलं. चार वर्षांनी भावानं पुन्हा खटपट केली तेव्हा तिची पंचविशी एकविशीवर आणून ठेवली, आणि कागदोपत्रीही तीच ठोकून दिली. लग्न काही जमलं नाही. वय मात्र कमी झालं ते झालंच. आत्याला त्याची गंमत वाटायची. फुकटात चार वर्षं मिळाली, असं ती म्हणायची.

एका गोष्टीची मात्र तिला गंमत वाटत नव्हती. थोरल्याची मुलगी, जिला सगळे चिमणी म्हणत, ती जन्मली तेव्हा वर्षभर आत्याच्या हातात कुणी तिला दिलं नाही. कुणी नको म्हटलं नाही. आत्या पुढे झाली की बाळ नेमकं झोपलेलं असायचं, नाहीतर नुकतंच दूध प्यालेलं असायचं. चिमणी चालायला लागल्यावर आपणहून येऊन तिच्या मांडीवर चढली, तेव्हा कुठे आत्यानं तिला पहिल्यांदा धरलं. त्याचं आत्याला फार वाईट वाटलं होतं आणि बारा वर्षं झाली तरी वाटत होतं. आता सूनबाईला, म्हणजे थोरल्याच्या बायकोला, पुन्हा आठवा महिना होता. या खेपेला नुसतं बाळ झोपलंय म्हणून भागणार नव्हतं. या खेपेला टेप निघाली होती.

*

रविवारी सकाळी आत्या स्वयंपाकघरात आली तेव्हा सासू-सुनेचं बोलणं पाण्याच्या नळासारखं गचकन बंद झालं.

"चालू द्या की," आत्या म्हणाली. "मी फक्त पाणी घ्यायला आलेय."

सूनबाई तशी मनानं वाईट नव्हती. लग्नाआधी ती एका दातांच्या दवाखान्यात काउंटरला बसायची, त्यामुळे घरातलं सगळं औषधपाण्याचं ज्ञान तिच्याकडे आहे असं सगळ्यांनी, तिनंही, धरलेलं होतं. ती खुर्चीवरून कष्टानं उठली.

"आत्या, राग मानू नका. मी बाळासाठी म्हणतेय. एवढं एक वर्ष. नंतर तुम्ही आहातच इथं."

"राग कसला. पण माळ्यावर संडास नाही गं."

"ते हे करून घेणार आहेत. नळसुद्धा."

"म्हणजे ठरलंच आहे सगळं. मग नर्सबाईंना कशाला तंगडतोड?"

वहिनी शेंगा सोलत होत्या. डोळ्याचं ऑपरेशन लांबल्यामुळे त्यांना धड दिसत नव्हतं, टरफलं भांड्यात आणि दाणे कागदावर असं चाललं होतं. "वन्सं," त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला कधी काही बोलले का? चाळीस वर्षं मी जपलं. तुमचं ताट वेगळं धुतलं, कप वेगळा विसळला. तरी शेवटी मला लागलीच ना? मग त्या इवल्याशा जिवाचं काय?"

आत्याच्या तोंडावर उत्तर आलं होतं. पण वहिनींचा हात दाण्याऐवजी टरफलच तोंडाकडे नेत होता, तो तिनं धरला, टरफल काढून टाकलं आणि दाणा हातात दिला. मग निळ्या काठाच्या कपात पाणी घेऊन ती बाहेर गेली.

बाहेरच्या खोलीत धाकटा भाचा सोफ्यावर आडवा पसरला होता. तो तिशीला टेकला होता, लग्न नव्हतं, कारखान्याची गाडी चालवायचा, आणि घरात कुणाचंही भांडण असलं की दोन्ही बाजूंना हसायचा. या खेपेला मात्र तो हसत नव्हता. "आत्या, तू गेलीस तर मीपण माळ्यावर येतो. दादाला सांग, दोन पलंगांचं माप घे."

"आणि मी," चिमणी म्हणाली. ती जमिनीवर बसून वहीला कव्हर घालत होती.

"तू गप गं," आतून सूनबाईचा आवाज आला.

*

अकरा म्हणजे अकराला नर्सबाई आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, खांद्याला थंड डबा, आणि कुणाच्या घरात काय शिजतंय ते दारातच ओळखणारा चेहरा. गेल्या आठवड्यात रक्त घ्यायला आल्या तेव्हा त्यांनी सगळ्यांचे फॉर्म भरून घेतले होते. त्यांनी जेवायच्या टेबलाचा एक कोपरा पुसून घेतला, डबा ठेवला, पाकिटं काढली.

"एकेकाला आतल्या खोलीत बोलावते. ज्याचा रिपोर्ट त्याला."

"अहो बाई, आमच्यात काही झाकपाक नसते," थोरला म्हणाला. तो टेबलाच्या डोक्याशी बसला होता, वडील बसायचे त्या खुर्चीत. "सगळ्यांसमोर वाचा. म्हणजे नंतर कुणाला वाटायला नको की आम्ही काही मनानं ठरवलं."

नर्सबाईंनी त्याच्याकडे जरा बघितलं. "प्रत्येकाची परवानगी लागेल."

सगळ्यांनी माना हलवल्या. सगळ्यांत शेवटी आत्याला विचारलं. "वाचा," ती म्हणाली. हात तिनं मांडीखाली घेतले.

"आधी सोपं. ही छोटी." नर्सबाईंनी चिमणीकडे बोट केलं. "हिचं लसीकरणाचं कार्ड पाहिलंय मी. पहिला डोस जन्मली त्याच दिवशी, बाकीचे सहा महिन्यांच्या आत. हिला आता काही नको. शाळेत कुणी विचारलं तर कार्ड दाखवायचं. आता तुम्ही, सूनबाई. तुम्ही लस घेतलीय की कधीतरी."

"दातांच्या दवाखान्यात. एकोणीस वर्षांची होते. तीन इंजेक्शनं दिली होती, कशाची ते काही विचारलं नाही."

"हीच ती. अजून संरक्षण आहे, रक्तात दिसतंय. फार चांगलं झालं ते." हे शेवटचं वाक्य बाईंनी जरा हळू म्हटलं. "बाळाला मात्र तरीही द्यायची. जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत. आई ठणठणीत असली तरी."

"एवढ्याशा बाळाला पहिल्याच दिवशी सुई?" वहिनी म्हणाल्या. "थोडं मोठं होऊ द्यावं की."

"उलटं आहे आजी. हा जंतू मोठेपणी लागला तर बहुतेक वेळा येतो तसा निघून जातो. जन्मताना नाहीतर अगदी लहानपणी लागला, तर दहातल्या नऊ जणांत कायमचं बिऱ्हाड करतो. म्हणून घाई लहानाचीच."

धाकट्याचा कागद निघाला. त्याला कधीतरी होऊन गेला होता. त्याला पत्ता नाही, घराला पत्ता नाही. अंगानं आपलं आपण निभावून नेलं होतं, आता लसही नको नि काळजीही फारशी नको. "बघ, मी जन्मजात शहाणा," धाकटा म्हणाला, पण त्याचा आवाज नेहमीसारखा लागला नाही. होऊन गेला होता म्हणजे घरातूनच आला होता, हे त्यालाही कळत होतं. त्यानं आत्याकडे बघितलं आणि मग चटकन दुसरीकडे. आत्याला ते दिसलं. तिला वाटलं, हाही गेला.

"आता तुमच्या आत्याबाई," नर्सबाई म्हणाल्या.

थोरला खुर्चीत सरसावून बसला. सूनबाईनं पोटावर हात ठेवला.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?" थोरल्यानं विचारलं.

"म्हणजे काहीच नाही. जंतू नाही. होऊन गेल्याची खूणही नाही. लसही घेतलेली नाही. कोरी पाटी आहे."

चिमणी वहीवरचा कागद चुरगाळत होती, तो आवाज तेवढा येत होता.

"असं कसं," वहिनी म्हणाल्या. "चुकलंय काहीतरी. वन्संना कावीळ झाली होती. मी डोळ्यांनी बघितलीय. डोळे हळदीसारखे झाले होते."

"झाली असेल की. कावीळ ही काय एक थोडीच असते? खराब पाण्यातून होते ती वेगळी. तीच झाली असणार यांना. ती महिना-दीड महिना छळते आणि जाते, मुक्कामाला राहत नाही. ही रक्तातून जाणारी. ही झाली असती तर इतक्या वर्षांनीही रक्तात खूण सापडली असती." नर्सबाई आत्याकडे वळल्या. "तुम्हाला त्या वेळी कुणी सांगितलं नाही?"

"त्या वेळी मला कप आणून दिला," आत्या म्हणाली.

तिला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. राग आला, आणि तोही कुणावर काढायचा ते कळेना, कारण ज्यानं कप आणला तो भाऊ जाऊन सहा वर्षं झाली होती. तिला त्या मोडलेल्या लग्नातला नवरा मुलगा आठवला, छापखान्यात खिळे जुळवायचा, हाताला कायम शाई. महिनाभराच्या काविळीपायी हातचा गेला बिचारा. बिचारा तो की मी, असं तिच्या मनात आलं आणि भलत्याच वेळी तिला हसू फुटायला लागलं. तिनं कपातलं पाणी पिऊन टाकलं.

"मग आईला कुणाची लागली?" थोरल्याचा आवाज चढला. "या घरात दुसरं आहे कोण?"

नर्सबाईंनी वहिनींना विचारलं, "आजी, तुमची आई कशानं गेली?"

"पोटात पाणी झालं होतं," वहिनी म्हणाल्या. "पंचेचाळिशीत गेली. मावशीही तशीच. आमच्यात पोट वाईट, असं म्हणायचे सगळे."

"पक्कं कुणीच सांगू शकणार नाही. पण तुम्ही जन्मलात तेव्हाच तो तुमच्याकडे आला असण्याची शक्यता जास्त. तेव्हा ना तपासणी होती ना लस. यात तुमची काही चूक नाही." मग त्यांनी उरलेलं एक पाकीट हातात घेतलं, उघडलं नाही. "तुमचा रिपोर्ट आतल्या खोलीत सांगू का?" त्यांनी थोरल्याला विचारलं.

थोरल्याला ते कळायला वेळ लागला. मग कान लाल झाले, पार मानेपर्यंत. आत्याला वाटलं, आता हा आत जाईल. जायला हवं होतं त्यानं. पण सगळ्यांसमोर वाचा असं स्वतःच्याच तोंडानं म्हणून बसला होता, आणि वडिलांच्या खुर्चीत.

"इथंच सांगा."

"तुमच्यात आहे. आईसारखाच. जन्मापासून असावा."

सूनबाई उठून उभी राहिली. मग बसली. नवऱ्याशेजारच्या खुर्चीतून उठली होती, बसली ती एक खुर्ची सोडून. बघितलं सगळ्यांनी. थोरल्यानंही बघितलं.

"दादा," धाकटा म्हणाला, "टेप आहे का रे खिशात?"

"गप!" आत्या एवढ्या जोरात ओरडली की चिमणी दचकली. "एक शब्द बोलू नकोस. लाज नाही वाटत?"

थोरला टेबलाकडे बघत होता. त्याचा एक हात खरोखरच खिशात होता, आणि आत्याला माहीत होतं की टेप तिथंच आहे, कारण तो कधी काही जागेवर ठेवत नसे. तिला त्याची दया आली. त्यानं काल तिचा पलंग मोजला होता आणि तरी तिला त्याची दया आली, आणि त्याबद्दल तिला स्वतःचाच थोडा वैताग आला.

"बाई," ती नर्सबाईंना म्हणाली, "आता याला कुठं ठेवायचं ते नीट सांगा. याच्या बायकोसमोर सांगा. आमच्या घरात माणसं लगेच वेगळी काढायची सवय आहे."

नर्सबाईंनी डब्याचं झाकण परत लावलं. त्या सूनबाईसमोर जाऊन बसल्या. "जिथं आहेत तिथंच ठेवायचं. एका ताटात जेवलात तरी नाही लागत. कपातून नाही, टॉवेलमधून नाही, खोकल्यातून नाही, मुलांना जवळ घेतल्यानं नाही. तुम्हाला लस झालेली आहे, तुमची मुलगी सुरक्षित आहे, बाळाला पहिल्या दिवशी देऊच. दाढीचं पातं, दातांचा ब्रश, नेलकटर हे ज्याचं त्यानं वापरायचं. कापलं तर पट्टी लावायची. आणि आजींनी आणि यांनी दर सहा महिन्यांनी यकृताच्या डॉक्टरला दाखवायचं, गोळ्या सुरू करायच्या की नाही ते ते ठरवतील. नीट लक्ष ठेवलं तर माणसं पिकल्या वयाची होतात. आजी बघा."

सूनबाईनं मान डोलावली. मग ती उठली, मधली खुर्ची ओढली आणि नवऱ्याशेजारी बसली. तिचे डोळे भरले होते. "मला कुठं माहीत होतं," ती म्हणाली, नवऱ्याला की आत्याला ते काही कळलं नाही.

"तुमचा धंदा काय? बाइंडिंग ना?" नर्सबाईंनी विचारलं. "सुया वगैरे?"

"सुया, टोचे, पातं," धाकटा म्हणाला. "रोज कुणाचं ना कुणाचं बोट फुटतं. हिचं सोडून. म्हणजे फुटतं हिचंही, पण हिच्या सुईला कुणी हात लावत नाही."

"का?"

"निळा दोरा आहे ना तिला," चिमणीनं सांगितलं. "म्हणजे आत्याआजीची. आम्हाला लहानपणापासून सांगितलंय."

नर्सबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "कपाचं मी सांगितलं, त्यानं काही फरक पडला नसता. सुईचं मात्र सांगता येत नाही. एकाचं रक्त लागलेली सुई दुसऱ्याला टोचली तर लागू शकतो. यांना लागला नाही, त्यात नशीबही असेल."

"म्हणजे बघा!" वहिनींचा चेहरा एकदम उजळला. "आम्ही वेगळं ठेवलं ते बरंच झालं की नाही, वन्सं? वेगळ्या राहिलात म्हणून तर वाचलात!"

थोरल्यानं डोळे मिटून घेतले. "आई, पुरे गं."

आत्या मात्र हसायला लागली. आवरेच ना. चाळीस वर्षं जिच्यापासून घराला वाचवायला निळा दोरा गुंडाळला, त्या दोऱ्यानं घरापासून तिलाच वाचवलं, आणि वर त्याचे आभारही तिनंच मानायचे! "झालं हो वहिनी," ती डोळे पुसत म्हणाली, "फार उपकार झाले तुमचे." वहिनीही हसल्या, कशाला ते न कळता. मग त्यांचं हसू हळूहळू उतरलं. त्या हातातल्या हातात अंगठा चोळत राहिल्या, जिथं इतकी वर्षं कारखान्यातली सगळ्यांची सुई टोचून टोचून घट्टा पडला होता.

"तर लस या घरात एकट्या तुम्हालाच हवीय," नर्सबाई आत्याला म्हणाल्या. त्यांनी फॉर्म पुढे ओढला. "वय सत्तावन्न. ठीक. साठीच्या आत मोठ्या माणसांनी सगळ्यांनीच घ्यावी असं सांगतो आम्ही."

आत्यानं वहिनींकडे बघितलं. वहिनींनी छताकडे.

"एकसष्ट," आत्या म्हणाली.

"काय?"

"एकसष्ट आहे माझं. चार वर्षं माझ्या भावानं खाल्ली. तो नाही आता, नाहीतर त्यालाच विचारायला सांगितलं असतं तुम्हाला."

"आत्या!" धाकटा ओरडला. "म्हणजे तुझी साठी आम्ही केलीच नाही?"

"साठीच्या पुढे असेल तर नाही का मिळत?" आत्यानं विचारलं. हे विचारताना तिचा आवाज बारीक झाला. इतका वेळ तिला कळलं नव्हतं की तिला ती सुई हवी आहे. सगळ्यांना सांगतात ते तिलाही सांगितलं होतं, चाळीस वर्षांत पहिल्यांदा, आणि ते आता वयावरून हातचं जातंय असं तिला वाटलं.

"या वयात कशाला सुया टोचून घेता, वन्सं," वहिनी म्हणाल्या. "कोरी पाटी आहे म्हणतात ना, राहू द्या कोरीच."

"साठीपुढे ज्यांना धोका आहे त्यांनी जरूर घ्यावी," नर्सबाई म्हणाल्या. "घरात दोघांना आहे, वर तुमचा हा सुयांचा धंदा. तुम्हाला तर घ्यायलाच हवी. आणि धोका नसता तरी मागितली असती तर दिली असती. तीन डोस. आज, महिन्यानं, आणि सहाव्या महिन्याला."

"महिन्यानं?" सूनबाईनं विचारलं. ती बोटांवर मोजत होती. "म्हणजे आत्यांचा दुसरा आणि बाळाचा पहिला जवळजवळ एकदमच."

"तसंच दिसतंय."

"मग त्याला धरून मीच बसेन," आत्या म्हणाली. "त्याला टोचतील तेव्हा. कुणाची हरकत आहे?"

हे तिनं थोरल्याकडे बघून विचारलं. थोरल्यानं खिशातून टेप काढली आणि टेबलावर ठेवली. तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "नाही. तूच धर. जन्मल्या जन्मल्या धर. मी... आत्या, मी काल..."

"बाही वर घेते मी," आत्या नर्सबाईंना म्हणाली. "लवकर टोचा, माझी खळ वाळतेय तिकडे कारखान्यात."

सुई दंडात गेली तेव्हा तिनं मान फिरवली नाही. तिला आयुष्यभर बोटात टोचून घ्यायची सवय होती. चिमणीनं मात्र डोळे झाकले.

*

मग चहा झाला. सूनबाई ट्रे घेऊन आली. ट्रेमध्ये सगळे एकसारखे पांढरे कप आणि कडेला तो निळ्या काठाचा. सवयीनं भरला होता, आणि आणून ठेवल्यावर तिला ते कळलं. ती तशीच उभी राहिली. थोरल्यानं हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. कुठल्या कपाला हात लावायचा हे त्याला कळेना. नर्सबाईंनी मुकाट्यानं आपला चहा उचलला.

वहिनी मात्र ट्रेजवळ वाकल्या. दिसत नव्हतं म्हणून त्यांनी एकेका कपाच्या कडेवरून नजर जवळ नेत शोधलं, आणि निळ्या काठाचा कप उचलून आपल्यापुढे ठेवला.

"आई, तो आत्यांचा," सूनबाई म्हणाली.

"माहितेय. आता माझा," वहिनी म्हणाल्या. त्यांची मान ताठ होती. "ज्याचा आजार त्याचा कप. मी काय या घरात आज आलेय? मला कळतं. ताटही काढून ठेव गं. थोरल्यासाठी एक दुसरा आणा, त्याच रंगाचा. मीच विसळत जाईन दोन्ही."

"आई, नको गं," थोरला म्हणाला.

आत्या उठली. दंड दुखायला लागला होता. वळसा घालून ती वहिनींच्या खुर्चीमागे आली. त्यांची बोटं कपाच्या कानात घट्ट अडकली होती, ती तिनं एकेक करून सोडवली, सकाळी टरफल काढून घेतलं होतं तशीच. मग कप उचलला.

"द्या इकडे. हा माझा आहे. चाळीस वर्षं वापरलाय मी, असा कुणालाही देईन होय?" ती म्हणाली. "तुम्ही सगळ्यांच्यातला घ्या."

वहिनी तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी चाचपडत ट्रेमधला एक कप उचलला, कुठला ते न बघता.